नात्याची हाक आणि मानाची पदवी

आंबोलीच्या डोंगरांत उगम पावणारी हिरण्यकेशी नदी आजऱ्यावरून गडहिंग्लजास येते आणि तेथून खालीं संकेश्वराकडे वाहत जाऊन अखेर घटप्रभेस मिळते. गडहिंग्लज महाराष्ट्रांत आहे, संकेश्वर कर्नाटकांत. पूर्वीं एका बाजूस कोल्हापूर संस्थान आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजी मुलूख अशी येथें हद्द होती. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें आणि ती हद्द पुसली गेली. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगांव जिल्हा म्हैसूर राज्यांत गेला, त्यांतला चंदगड तालुका तेवढा कोल्हापुराकडे आला, आणि पुसलेली रेघ पुन्हां उमटली. या रेघेच्या अलीकडे घरांतल्या थोरल्या बहिणीला आक्का म्हणतात. पलीकडेहि आक्काच म्हणतात. थोरला भाऊ दोन्हीकडे आण्णा, आणि घरांतला कर्ता पुरुष दोन्हीकडे आप्पा.

माणसाच्या बोलण्यांतला सर्वांत हट्टी भाग कोणता, असा प्रश्न केला तर नात्याच्या हाका हें त्याचें उत्तर देतां येईल. कचेरीची भाषा राजवटीबरोबर बदलते, शाळेची भाषा क्रमिक पुस्तकांबरोबर बदलते. परंतु आईच्या मांडीवर शिकलेली हाक म्हातारपणींहि तोंडांत तशीच राहते. म्हणून एखाद्या प्रदेशाचा इतिहास शोधतांना ताम्रपट आणि दप्तरें यांच्या जोडीला घरांतल्या हाकाहि ऐकून पाहिल्या पाहिजेत. त्या लिहिलेल्या नसतात, पण बनावटहि नसतात.

गडहिंग्लजकडील बोलीचा पहिला विशेष कानांत भरतो तो हकाराच्या बाबतींत. शब्दाच्या पोटांतला ह या बोलींत फारसा टिकत नाहीं. तुम्ही याचें तुमी होतें, आम्ही याचें आमी, पाहुण्याचा पावना आणि वहिनीची वैनी. खुद्द गांवाचें नांव कागदावर गडहिंग्लज असलें तरी बोलतांना त्यांतला ह विरघळून गडिंग्लज असेंच पुष्कळदां ऐकूं येतें. दुसरा विशेष याच्या उलट आहे. कांहीं अक्षरें येथें गळत नाहींत, तर दुणावतात. आजा येथें आज्जा होतो, आजी आज्जी होते, आत्या आत्ती होते. पुण्यामुंबईचा पाहुणा हें ऐकतो आणि मनांतल्या मनांत हंसतो. बोलणाराला शुद्ध बोलतां येत नाहीं, असा त्याचा समज होतो. हा समज किती वरवरचा आहे हें समजण्यासाठीं भाषेच्या इतिहासांत थोडें मागें गेलें पाहिजे.

प्राकृतांतलीं जोडाक्षरें मराठींत येतांना सुटीं झालीं आणि त्यांच्या मागचा स्वर लांबला, हा मराठीच्या घडणीचा एक मोठा नियम आहे. हत्थ याचा हात झाला, सत्त याचें सात झालें, कम्म याचें काम झालें. जुन्या लेखांतला पट्टकिल याच वाटेनें पाटील झाला. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें मराठीच्या अशा ध्वनिपरिवर्तनांचा शास्त्रीय विचार आपल्या ग्रंथांत केला. तो ग्रंथ १९२० मध्यें प्रसिद्ध झाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं केलेलें त्याचें मराठी रूपांतर १९४१ मध्यें निघालें. या नियमाप्रमाणें प्राकृतांतल्या अज्ज या शब्दाचीं आजा आणि आजी हीं रूपें रास्त ठरतात. मग आक्का, आण्णा आणि आप्पा यांतलें द्वित्त कां सुटलें नाहीं? लाडाच्या शब्दांत अक्षर दुणावतें हें खरें. परंतु तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. हे शब्द मराठींत आले तेव्हां द्वित्त सुटें करण्याची ती जुनी क्रिया संपून गेली होती, हेंच त्याचें सरळ कारण दिसतें. ते कोठून आले हें सांगावयास शेजारची कानडी पुरेशी आहे. कानडींत अक्क म्हणजे थोरली बहीण, अण्ण म्हणजे थोरला भाऊ आणि अप्प म्हणजे बाप. आतां गडहिंग्लजच्या आज्जाकडे पुन्हां पाहावें. मराठीनें एकदां सुटें केलेलें अक्षर कानडी शेजाराच्या संगतीनें पुन्हां जोडलें गेलें आहे. त्यांत बोलणाराचें अज्ञान नाहीं. शेंकडों वर्षांचा शेजार आहे.

हा शेजार एकाच बाजूनें घेणारा नव्हता. कानडींत तायि म्हणजे आई. मराठींत ताई म्हणजे थोरली बहीण. दोहोंचें मूळ एकच असो वा नसो, मायेचा सूर एक आहे आणि मानाची पायरी तेवढी वेगळी आहे. उलट धारवाड-बेळगांवकडील कानडी घरांत काका, काकू, मावशी हे शब्द सर्रास ऐकूं येतात. ते मराठींतून गेलेले आहेत. त्याच घरांत भावजयीला वैनी म्हणतात. येथें एक बारीक गोष्ट लक्ष्यांत घेण्यासारखी आहे. कानडीनें मराठीचा हा शब्द पुस्तकांतून उचलला असता तर तो वहिनी असा गेला असता. तो वैनी असा गेला, याचा अर्थ तो कानानें ऐकून नेला. बाजारांत, जत्रेंत आणि माजघरांत बायकांनीं बायकांना मारलेली हाक दुसऱ्या भाषेनें जशीच्या तशी उचलली. ज्या उच्चाराला शाळेंत अशुद्ध म्हणून फुली मारली जाते, तोच उच्चार दोन भाषांच्या सोयरिकीचा साक्षीदार आहे.

ही सोयरीक किती जुनी आहे? करवीरच्या शिलाहार राजांचा अंमल दहाव्या शतकापासून तेराव्या शतकाच्या आरंभापर्यंत या मुलखावर होता. त्यांचे संस्कृत लेख आहेत तसे कानडीहि आहेत. गडहिंग्लजजवळचा सामानगड याच घराण्यांतल्या दुसऱ्या भोजानें बांधला अशी परंपरा आहे. जुन्या कानडी लेखांत गांवच्या मुख्याला गावुंड म्हटलेलें आढळतें. तोच पुढें गौड किंवा गौडा झाला. म्हणजे एकाच कामाला मराठींत पाटील आणि कानडींत गौडा. परगण्याच्या मुख्याला मराठी मुलखांत देशमुख म्हणत, आणि दक्षिणेकडे नाडगौडा म्हणत. नाडु म्हणजे प्रदेश. देसाई मात्र दोन्ही भाषांत देसाईच राहिला. त्यामुळें सरहद्दीच्या दोन्ही अंगांना पाटील, देसाई, कुलकर्णी हीं आडनांवें दिसतात, आणि केवळ आडनांवावरून त्या घरांत कोणती भाषा बोलत असतील हें सांगतां येत नाहीं. भाषेची सरहद्द ठरवितांना माणसांचीं नांवें मोजूं पाहणारास येथें हात टेकावे लागतात.

नात्याच्या हाकांमध्यें नुसती भाषा नसते. घराचा कायदाहि असतो. कानडींत अत्ते म्हणजे बापाची बहीण आणि अत्ते म्हणजेच सासू. माव म्हणजे आईचा भाऊ आणि माव म्हणजेच सासरा. एकाच शब्दांत हीं दोन नातीं कां बसलीं याचें कारण विवाहाच्या चालींत आहे. मामाची मुलगी करण्याची रीत जेथें मान्य असते, तेथें मामाच सासरा होतो; आणि मुलीच्या बाजूनें पाहिलें तर तिची आत्याच तिची सासू होते. मराठी मुलखांतहि पुष्कळ जातींत मामाच्या मुलीशीं विवाह चालत आला. इरावती कर्वे यांनीं १९५३ च्या आपल्या ग्रंथांत भारतांतील नातेसंबंधांची पाहणी केली, तींत महाराष्ट्र हा उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील पद्धतींच्या मधला प्रदेश आहे असें दाखविलें. त्या मधल्या स्थितीची खूण सुनेच्या तोंडीं होती. सून सासऱ्याला मामंजी म्हणे आणि सासूला आत्याबाई म्हणे. ज्या घरांत मामाची मुलगी करीत नसत, त्या घरांतहि मामंजी हा शब्द मानानें नांदला. रीत गेली किंवा मुळांत नव्हतीच, पण हाक राहिली. परक्या घरांत पाऊल टाकणाऱ्या लहान वयाच्या मुलीला त्या हाकेनें एवढा तरी दिलासा मिळत असेल कीं समोरचीं माणसें अगदींच परकीं नाहींत. बोलण्यापुरते तरी ते मामा आहेत, ती आत्या आहे.

घरांतली हाक घरांतच राहिली असती तर इतिहासाला तिची दखल घ्यावी लागली नसती. परंतु मराठ्यांच्या इतिहासांत या हाका थेट दरबारांत गेल्या. जिजाबाईंस आऊसाहेब म्हणत. त्यांतला आऊ हा आईचाच एक उच्चार, आणि साहेब हा अरबींतून आलेला शब्द. पेशव्यांच्या घरांत बाळाजी बाजीराव हे नानासाहेब, रघुनाथराव हे दादासाहेब आणि सदाशिवराव हे भाऊसाहेब. पानिपतचा १७६१ चा रणसंग्राम ज्या बखरींत वर्णिलेला आहे तिचें नांवच भाऊसाहेबांची बखर असें पडलें; सेनानायकाचें कागदोपत्रीं नांव मागें राहिलें आणि घरांतली हाक ग्रंथाच्या कपाळीं आली. कोल्हापुराकडे तर ही चाल अधिकच रुजली. शाहू महाराज मूळचे कागलकर घाटगे घराण्यांतले. त्यांचे वडील जयसिंगराव हे आबासाहेब, धाकटे बंधु पिराजीराव हे बापूसाहेब, आणि कन्या राधाबाई या आक्कासाहेब. शेवटच्या नांवांत एक कानडी नातें आणि एक अरबी मानाचा शब्द मराठी घरांत सुखानें शेजारीं बसले आहेत.

हाक जशी घरांतून दरबारांत गेली, तशी पदवी दरबारांतून घरांत आली. या दुसऱ्या प्रवासाची साक्ष गडहिंग्लजच्या परिसरांत पावलोपावलीं मिळते. तालुक्यांतलें नेसरी हें गांव प्रतापराव गुजरांच्या मरणानें इतिहासांत अमर झालें. १६७४ च्या फेब्रुवारींत बहलोलखानाच्या फौजेवर ते मोजक्या स्वारांनिशीं तुटून पडले आणि तेथेंच कामास आले. त्यांचें मूळ नांव कुडतोजी होतें आणि प्रतापराव हा किताब होता असें सांगतात; आज मूळ नांव पुष्कळांना ठाऊकहि नसतें. त्यांच्या मागून आलेले हंबीरराव मोहिते यांचीहि तीच कथा. त्यांचें नांव हंसाजी. प्रतापराव पडले ते सरनोबत म्हणून. हा शब्द फारशी आहे. त्याच वर्षीं ६ जून रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला आणि हुद्द्यांना संस्कृत नांवें देण्यांत आलीं. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, सरनोबताचा सेनापति झाला. राजव्यवहारकोश या ग्रंथाची योजना याच धोरणांतून झाली.

राजानें शब्द बदलले, परंतु लोकांनीं दोन्ही शब्द ठेवून घेतले. सरनोबत हें आडनांव कोल्हापुराकडे राहिलें. सेनापति ही पदवी संताजी घोरपड्यांच्या घराण्याला एवढी चिकटली कीं कागल तालुक्यांतल्या त्यांच्या गांवाला सेनापती कापशी म्हणूं लागले. औरंगजेबाच्या छावणींत शिरून त्याच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून आणल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्या पराक्रमाबद्दल राजाराम महाराजांनीं संताजीला ममलकतमदार, त्याचा भाऊ बहिर्जी याला हिंदुराव आणि विठोजी चव्हाण याला हिम्मतबहाद्दर असे किताब दिले असें परंपरा सांगते. पुढें कोल्हापूर संस्थानच्या जहागिरदारांत हिम्मतबहाद्दर चव्हाण, सरलष्कर निंबाळकर, सेनाखासखेल शिंदे अशीं घराणीं त्या त्या पदवीनेंच ओळखलीं जात. कागलकर घाटग्यांचा सर्जेराव हा किताब दौलतराव शिंद्यांच्या दरबारापर्यंत गाजला.

आणि मग जें झालें तें राजांच्या हातांत नव्हतें. शेतकऱ्यांच्या घरीं मुलगा झाला म्हणजे त्याचें नांव हिंदुराव ठेवूं लागले, सर्जेराव ठेवूं लागले, प्रतापराव आणि हंबीरराव ठेवूं लागले. ज्या किताबासाठीं एकेकाळीं सनद लागत असे, तो बारशाच्या दिवशीं आत्यानें मुलाच्या कानांत सांगितला. जहागिरदाराचा मान असा विनासायास वाटला गेला.

पदवीच्या जोडीला आडनांवहि असें उचललें जाई. इचलकरंजीच्या घराण्याचे मूळ पुरुष नारो महादेव हे कोंकणांतले जोशी. संताजी घोरपड्यांच्या आश्रयानें ते वाढले, आणि त्या उपकाराची आठवण म्हणून त्यांनीं घोरपडे हें आडनांव स्वीकारलें. ब्राह्मण घराण्यानें मराठा सेनापतीचें नांव वंशपरंपरा चालविलें. गडहिंग्लजच्या वरच्या अंगाचें आजरें पुढें याच इचलकरंजीकरांच्या जहागिरींत होतें. रक्ताचें नातें नसतांना केवळ कृतज्ञतेनें नांव घेतां येतें, असा हा दाखला आहे.

हुद्दे मात्र एकामागून एक गेले. १८४४ मध्यें सामानगडच्या गडकऱ्यांनीं आपल्या वतनांवर आलेल्या संकटामुळें बंड केलें. तें मोडलें गेलें आणि गडकऱ्यांचें जुनें काम संपलें. १९१८ मध्यें शाहू महाराजांनीं संस्थानांत कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यांत १९५० च्या कायद्यानें परगणे व कुलकर्णी वतनें नाहींशीं झालीं, आणि १९६२ च्या कायद्यानें महाराष्ट्रांतली मुलकी पाटिलकी गेली. त्यापूर्वींच, १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमानें किताब देणें बंद केलें होतें. १९७१ च्या घटनादुरुस्तीनें संस्थानिकांची मान्यताहि संपली. गड राखणारा नाहीं तरी गडकरी आहेत, दप्तर लिहिणारा नाहीं तरी कुलकर्णी आहेत. कायद्यानें हुद्दा नेला. नांव नेतां आलें नाहीं.

परंतु या सर्व गोड कथेला एक कडू बाजू आहे, आणि ती सांगितल्यावांचून हा इतिहास खरा होत नाहीं. हाकेंत मान असतो तसा अपमानहि असतो. त्याच गांवांत, त्याच गल्लींत, एकाच्या नांवापुढें राव लागे, दुसऱ्याच्या पंत, तिसऱ्याच्या आप्पा. आणि वेशीबाहेरच्या पांढऱ्या केसांच्या माणसाला पाटलाचा लहान पोरगा एकेरी, तोडक्या नांवानें हाक मारी. त्या माणसाला गांवांत कोणी मामा म्हणत नसे, कोणी आज्जा म्हणत नसे. गांवकीच्या नात्यांचें जें मोठें जाळें होतें, ज्यांत परजातीचा न्हावीहि काका होई आणि कुंभारीणहि मावशी होई, त्या जाळ्याबाहेर कांहीं माणसें कायमचीं ठेवलेलीं होतीं. हाक नाकारणें म्हणजे नातें नाकारणें, हें त्या बोलीला पुरतें माहीत होतें.

म्हणून याच मुलखांत पुढें जें घडलें त्याला भाषेच्या इतिहासांतहि महत्त्व आहे. मार्च १९२० मध्यें माणगांव येथें भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष भीमराव आंबेडकर होते आणि शाहू महाराज तेथें स्वतः उपस्थित होते. त्या भीमरावांना लोक पुढें बाबासाहेब म्हणूं लागले. आबासाहेब, बापूसाहेब हीं ज्या सांच्यांतलीं नांवें, त्याच सांच्यांतलें हें नांव. फरक एवढाच कीं तें राजवाड्यानें दिलें नाहीं. ज्यांना स्वतःला कधीं मानाची हाक मिळाली नव्हती त्यांनीं तें दिलें. कुंभोज येथें जन्मलेले भाऊराव पाटील गरीब विद्यार्थ्यांचे अण्णा झाले. तुकाराम साठे यांच्या नांवांत तर अण्णा आणि भाऊ हीं एका अर्थाचीं दोन नातीं, एक दक्षिणेचें आणि एक मराठी, एकत्र आलीं. सनदेशिवाय मिळालेल्या या पदव्या कोणत्याहि कायद्यानें रद्द होण्यासारख्या नाहींत.

गडहिंग्लजकडील मुलगी शाळेंत जाते तेव्हां तिला दोन भाषा सांभाळाव्या लागतात. कोल्हापुराकडे पुष्कळ बायका स्वतःविषयीं बोलतांना मी आलो, मी जातो असें म्हणतात. मोठ्या शहरांत गेल्यावर या बोलण्याला लोक हंसतात. मग ती मुलगी आधीं आपलें क्रियापद बदलते, नंतर आज्जीची आजी करते, आणि पुढें तिचीं मुलें शेजारच्या बाईला आंटी म्हणतात. प्रमाण भाषा शिकणें हें योग्यच आहे. कचेरींत आणि ग्रंथांत तिच्यावांचून चालणार नाहीं. परंतु आंटी या एका शब्दांत आत्या, मामी, मावशी आणि काकू या चौघीजणी बुडून जातात. कोण बापाकडची, कोण आईकडची, कोणाच्या घरीं हट्ट चालतो आणि कोणाच्या घरीं मुकाट्यानें बसावें लागतें, हें सर्व ज्ञान त्या चार शब्दांत सांठविलेलें होतें.

जुन्या हाकांतली उच्चनीचता जावी, आणि ती बऱ्याच अंशीं जातहि आहे. पण तिच्याबरोबर हाकेंतली ओळखहि गेली तर तें नुकसान भरून निघणें कठीण आहे. एस्. टी.च्या गाडींत एखादी म्हातारी पाटी घेऊन चढते. बसलेला तरुण उठून म्हणतो, आज्जी, बसा. तिची जात कोणती, भाषा कोणती, गांव हद्दीच्या अलीकडचें कीं पलीकडचें, हें त्याला ठाऊक नसतें, आणि त्या जोडाक्षरांत तें विचारण्याची गरजहि उरत नाहीं.